दस्तगीर मास्तरांचा वेढा

दस्तगीर मास्तर पोरांचे हात हुंगायचे.

हो, हुंगायचे. बाकीचे मास्तर सकाळी पाटी बघतात, नखं बघतात, फार तर कान पिळून बघतात. दस्तगीर मास्तर वर्गाच्या दारात उभे राहून एकेका पोराचा पंजा नाकाशी धरायचे आणि तिथल्या तिथं निकाल द्यायचे. "माती हाय, चुना हाय. बस जा." पुढचा हात. "शेण, काथ्या. झ्याक. बस." त्याच्या पुढचा हात नाकाशी गेला की भुवया वर. "का रं? ह्याला नुसता गुळाचा वास येतोय. काल मातीचा बुरूज बांधायला सांगितलता न्हवं? बांधलास का गूळ खाल्लास?" पोरगं मान खाली घालून म्हणायचं, "गूळ खाल्ला, मास्तर." "मग जा आंगणात. हात भरवून ये. आधी हातात, मग डोस्क्यात!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आधी हातात, मग डोस्क्यात." दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की पुढं पुढं माझीच बायको मला पीठ मळायला बोलावताना तेच म्हणायला लागली.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो, दस्तगीर मास्तर इतिहास. कोल्हापूरच्या कडेला, पंचगंगेच्या अंगाला आमची चार वर्गांची शाळा. आमच्या महाराजांनी शिक्षण फुकट आणि सक्तीचं केलं होतं, तेव्हाचे ते दिवस. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी पाटी बघितली नव्हती त्यांची पोरं शाळेत येऊ लागली होती. कुणब्याचं, कुंभाराचं, चांभाराचं, धनगराचं, तांबोळ्याचं, सगळी एका घोंगड्यावर. आज हे लिहिताना काही वाटत नाही, पण तेव्हा ते घोंगडं बघायला लोक खिडकीशी यायचे. आपण त्या राजाच्या राज्यातले मास्तर आहोत याची मला घमेंड होती, आणि अजून आहे. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

पण माझं आणि दस्तगीर मास्तरांचं जमायचं नाही. मी सरळ मार्गाचा माणूस. पाढे पाठ, छडी हातात, वर्ग चिडीचूप. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये कुडाची भिंत. इकडं माझी पोरं साताच्या पाढ्यात जरा रमली की तिकडून "हर हर महादेव!" अशी आरोळी उठायची आणि माझा अख्खा वर्ग सात पाचे पस्तीस सोडून लढाईला निघायचा. मी कुडावर थाप मारायचो. "ओ दस्तगीर मास्तर! लढाई जरा हळू करा की!"

पलीकडून धापा टाकत उत्तर यायचं, "दमा भाऊराव, बुरूज पडायलाच आलाय!"

मास्तर अंगानं उंच, हाडकुळे. दाढी अर्धी पिकलेली. डोक्याला पटका आणि कोटाच्या दोन्ही खिशांत ढेकळं, खापराचे तुकडे, गंजके खिळे असलं काहीबाही. घरी एकटेच. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. चूल ते स्वतः पेटवायचे आणि भाकरी करपली की म्हणायचे, "गडावर बी करपतच असंल की!"

त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता. पन्हाळ्याचा वेढा. थोरले महाराज गडावर अडकले, गनिमानं चौफेर वेढा घातला, आणि भर पावसात महाराज पालखीतून विशाळगडाकडं निसटले. दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घालून एक न्हावी बसला आणि त्यानं आपला जीव दिला. हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मास्तर म्हणायचे, ठाऊक असून काय उपयोग? पालखी जड किती, ते ठाऊक आहे का?

झालं. एका सकाळी माझ्या सोप्यातली बाज गायब. मास्तरांनी ती न विचारता उचलून नेली होती. तिला दोन वासे बांधले, एका पोराला तिच्यावर आडवं निजवलं, वर गोधडी टाकली, कारण "गनिमाला दिसता कामा न्हाय", आणि आठ पोरांच्या खांद्यावर ही पालखी पेठेतून काढली. हुकूम असा की तोंडातून शब्द काढायचा नाही, मान वर करायची नाही. पुढं मास्तर, पटका काखेत, गंभीर चेहरा.

आता तुम्हीच सांगा, बघणाऱ्यानं काय समजावं?

आमच्या शेजारच्या गोदाक्कांनी पहिली हाक फोडली. "आगं बया बया! कुणाचं गेलं गं?" आणि गळा काढला. तो ऐकून समोरच्या दोघीजणींनी काढला. वाण्यानं दुकानाची फळी ओढून घेतली. दोन म्हातारे डोईला मुंडासं गुंडाळत मागं चालू लागले. पन्नास पावलं हे असं चाललं, आणि गोधडीखालचं पोर शिंकलं.

गोदाक्का रस्त्यातच बसल्या. पोरानं गोधडीतून डोकं वर काढून सांगितलं, "आक्का, रडू नगासा! मी गेलो न्हाय. मी विशाळगडाला चाललोय!"

त्यानंतर गोदाक्कांनी मास्तरांना ज्या शिव्या घातल्या त्या कोल्हापुरातही रोज ऐकायला मिळत नाहीत. मास्तरांनी खाली मान घालून सगळ्या ऐकल्या. मग माझ्याकडं आले, डोळे चमकत होते. "भाऊराव, पोरांच्या खांद्याला वळ उठल्यात बगा. आता जलमात इसरायची न्हाईत."

"आणि माझी बाज?" मी विचारलं. तिचा एक खूर मोडला होता.

"गड म्हटला की नुकसानी व्हायचीच," मास्तर म्हणाले.

पण त्यांची खरी करामत वेगळी होती. वर्गात नवीन पोर आलं की पहिल्या दिवशी त्याला ते नाव विचारायचे नाहीत. विचारायचे, "गडावर तुझं काय काम?" पोर गांगरायचं. मग मास्तर त्याला घरी पाठवायचे. आजाला विचारून ये, आपल्यात कोणता धंदा चालत आलाय. पोर सांगत यायचं, आणि मास्तर त्याला गडावर जागा द्यायचे. कुंभाराशिवाय गडाला पाणी साठवता येत नाही. लोहाराशिवाय दाराला खिळा नाही. धनगराचं घोंगडं नसेल तर पहारेकरी पावसात गारठून मरतील. "तलवार एकटी गड राखत न्हाय," ते सांगायचे. "गडाला समदी लागत्यात. ज्याचं काम हाय, त्यो आत."

एकदा एका चांभार पोराचा बाप तणतणत शाळेत आला. दारातच उभा राहिला, आत पाऊल टाकेना. "मास्तर, काय शिकवताय पोरास्नी? रोज घरात इचारतंय, आपलं म्हातारं गडावर काय करत हुतं? मी काय सांगू त्येला, कपाळ? आमास्नी कोन गडावर घेतंय?"

मास्तरांनी त्याला हाताला धरून आत आणलं आणि घोंगड्यावर बसवलं. "बसा पावणं. मला सांगा, गडावर विहिरीतनं पाणी कशानं काढत असतील? मोटंनं. मोट कुणाची? पखाल कुणाची? घोड्याचं खोगीर, ढालीचं कातडं, तलवारीचं म्यान? अवो, तुमी हात आखडता घेतलासा तर गड दोन दिवसांत तहानंनं मरंल!"

मी कुडाच्या फटीतून बघत होतो.  तो माणूस हळूच म्हणाला, "म्यानाचं खरं हाय. आमचा आजा म्यान करायचा." जाताना त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली आणि ताठ चालत गेला.  मी परत फिरलो आणि उगाचच एका पोराला तेराचा पाढा विचारला.

दर वर्षी सुगी उरकली की मास्तर पोरांना बैलगाड्यांतून पन्हाळ्यावर न्यायचे. तीन दरवाज्याच्या आतला चौक हा त्यांचा गड. पोरं आपापल्या धंद्याचं सामान घेऊन आत शिरायची आणि संध्याकाळपर्यंत गड लढवायची. गनीम व्हायला कुणीच तयार नसायचं. गनीम हो म्हटलं की पोरं भोकाड पसरायची. म्हणून दर वर्षी गनीम स्वतः मास्तर. उन्हात बाहेर एकटे उभे राहायचे, हातात उलथनं घेऊन गुरगुरायचे, आणि आतून पोरं खाल्लेल्या शेंगांच्या टरफलांचा मारा करायची. दाढीत टरफलं अडकलेली घेऊनच मास्तर घरी परतायचे.

अशा माणसाच्या वाट्याला दिपोटी आला.

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. मोठा कडक माणूस, कोटाची सगळी बटणं लावणारा. त्यांनी वर्गाला विचारलं, "पन्हाळ्याचा वेढा कोणत्या साली पडला?"

तुका कुंभार उठला. "पावसाळ्यात, साहेब."

"साल सांग, साल!"

"साल म्हाईत न्हाय. पर पाऊस लई हुता. पावसात आमची भट्टी लागत न्हाय, म्हंजे गडावर मडक्यांचं हाल झालं असणार. फुटलं की फुटलं!"

साहेबांनी दुसऱ्याला उठवलं. त्यानं मोटेच्या नाड्याला काथ्या किती लागतो ते सांगितलं. तिसऱ्यानं पालखी उचलून दाखवू का विचारलं. साहेब उठले आणि हेडमास्तरांच्या देखत म्हणाले, "ही शाळा आहे की बाजार? सनावळी एकालाही येत नाही. यंदा मी स्वतः त्या सहलीला येतो. पोरं नुसती हुंदडताना दिसली तर ही सहल कायमची बंद. पुन्हा नाव काढायचं नाही."

त्या संध्याकाळी दस्तगीर मास्तर माझ्याकडं आले. कधी न बसणारा माणूस उंबऱ्यावरच बसला. "भाऊराव, ही सहल गेली तर माझ्यापाशी पोरास्नी द्यायला काय उरलं? सनावळ्या? त्या तर मलाच पाठ हुईनात." हसायला गेले, पण हसू आलं नाही. "तुमी याल का संगट? साहेबाशी नीट बोलायला कुणीतरी पायजे. मला जमत न्हाय."

मी म्हटलं, येतो. मनात म्हटलं, आता या माणसाचं काही खरं नाही.

सहलीच्या दिवशी पोरं कधी नव्हे इतक्या तयारीनं आली. मास्तरांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, "यंदा गड नीट राखा. गेला तर परत मिळायचा न्हाय." मास्तरांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पोरांनी ते त्यांच्या परीनं घेतलं. दरवाज्याला दारं आता राहिलेली नव्हती, तेव्हा त्यांनी गाडीवानांची दोन जुवं आडवी लावून नाड्यानं आवळून बांधली. आत मडकी, पखाल, घोंगडी, भाकऱ्यांची गाठोडी, लाकडाच्या तलवारी, सगळं रचलं. बाहेर मी, गनीम आणि गनिमाचं उलथनं.

ऊन डोक्यावर आलं तसे साहेब आले. तट्टावरून उतरले, घाम पुसला आणि तरातरा दरवाज्याशी गेले.

"कोन हाय?" आतून तुका.

"मी आहे. उघडा."

"मी म्हंजे कोन? काम सांगा."

"अरे, मी डेप्युटी!"

आत कुजबुज. मग निर्णय. "गडावर दिपोटी न्हवता."

 मी पुढं धावलो. "तुक्या! अरे गाढवा, साहेब आहेत ते! उघड!"

"न्हाय मास्तर. ज्याचं काम हाय, त्यो आत. साहेब, तुमास्नी काय येतंय?"

"मी शाळा तपासतो!" साहेब ओरडले.

"गडावर शाळा न्हाय."

"तुझा बाप कोण रे?"

"कुंभार! म्हणून तर मी आत हाय."

साहेब लालबुंद. मी मागं वळून बघतो तर दस्तगीर मास्तर दगडावर बसलेले, तोंडावर पटक्याचा शेव, खांदे गदगदा हलतायत. मला वाटलं, रडतायत बिचारे. जवळ गेलो तर माणूस हसत होता! मी म्हटलं, "अहो, शुद्धीवर या! सहल गेली, नोकरीही जाईल!"

मास्तरांनी डोळे पुसले, उठून साहेबांपाशी गेले आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, माफी करा. पर पोरं खोटं बोलत न्हाईत. तुमचं अक्षर लई देखणं हाय, शेरे वाचलेत म्या. तेवढं सांगून बगा की."

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, तट्टाकडंही बघितलं. काय वाटलं कुणास ठाऊक, घसा साफ केला आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "मी... लिहितो. अक्षर बरं आहे माझं. मोडीही येते."

आत एकच गलका उठला. "चिटणीस आला रं! आपल्यात चिटणीसच न्हवता!" नाडा सैल झाला, साहेब जुवाखालून वाकून आत गेले. पोरांनी त्यांना घोंगड्यावर बसवलं, पुढ्यात भाकरी आणि झुणका ठेवला, आणि बजावलं, "चिटणीस, वेढा हाय. जपून खावा."

मी म्हटलं, मलाही घ्या, मी हिशेब करतो. तुका म्हणाला, "छडी भाईर टाका, मग या." टाकली. काय करता?

मी आत गेलो तेव्हा साहेबांच्या कोटाची दोन बटणं उघडी होती आणि एक पोर त्यांना मोटेचा नाडा कसा वळतात ते दाखवत होतं. साहेबांनी विचारावं, पोरानं सांगावं. पाणी किती दिवस पुरेल, घोडी किती, वैरण कुठली. मी सनावळीची वाट बघत होतो, ती काही निघाली नाही. भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून साहेब मला म्हणाले, "पुढच्या वर्षीही गडाला चिटणीस लागेलच, नाही का?"

सहल वाचली होती! मी दरवाज्याकडं धावलो, मास्तरांना सांगायला. ते उन्हात तसेच उभे होते. हातात उलथनं, दाढीत टरफलं. माझ्यामागून साहेब आले. "अहो मास्तर, तुम्ही का बाहेर? या की आत."

"न्हाय साहेब," मास्तर म्हणाले. "मी गनीम हाय."

तुका जुवावर हनुवटी टेकून बघत होता. "मास्तर, तुमी आमास्नी इचारता, पर तुमचं काम कवा सांगितलंच न्हाय. तुमच्या आजाचं काय काम?"

 मास्तरांनी उलथनं खाली ठेवलं. "शिकलगार. तलवारीला धार लावायचं."

"मग या की आत!"

"तसं न्हाय रं बाळा." असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "आमच्या घरात सांगत आल्यात. आमचा मूळपुरुष गडावर न्हवता. त्यो वेढ्याच्या फौजंसंगट आलता. खाली पायथ्याला बसून गनिमाच्या तलवारीस्नी धार लावायचा. फौज गेली, त्यो मागं ऱ्हायला. ह्याच मातीत मेला. तवाधरनं आमी हितंच हाय. पर गडावर आमचं काय काम, ते मी कुटल्या तोंडानं सांगू?"

 इतकी वर्षं हा माणूस स्वतःहून बाहेर का उभा राहत होता, ते मला त्या क्षणी कळलं. गावातल्या प्रत्येक पोराला त्यानं गडावर जागा शोधून दिली होती, आणि स्वतःला तेवढी देता आली नव्हती. साहेबांनी माझा दंड धरला होता, तो घट्ट दाबला गेला.

तुकानं कपाळाला आठ्या घातल्या. त्याला खरंच कोडं पडलं होतं.

"पर मास्तर," तो म्हणाला, "वेढा तर कवाच उठला की!"

मास्तरांनी दाढीतलं एक टरफल काढलं.

"उठला न्हवं? तुमीच सांगितलंसा. मग अजून भाईर का हुबं ऱ्हायलायसा? हितं समद्या तलवारी बोथट झाल्यात. या लवकर!"

आणि पोरांनी नाडा सोडला. दोन्ही जुवं काढून बाजूला टाकली. सगळा दरवाजा मोकळा. मास्तर वाकून नाही, ताठ चालत आत आले. दोन्ही डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. साहेब बाजूला सरून उभे राहिले, डोक्यावरची पगडी हातानं सारखी करून, महाराजांच्या स्वारीला वाट द्यावी तसे. मास्तर पायरीवर बसले, पहिली लाकडी तलवार मांडीवर घेतली आणि दगडावर घासू लागले. पोरं आपापली तलवार घेऊन रांगेत उभी राहिली. माझी छाती अशी फुगली की वाटलं, सदऱ्याची बटणं आता तुटतात.

पुढच्या वर्षीपासून गनीम मी झालो. उन्हात उभा राहतो, गुरगुरतो, टरफलांचा मार खातो. शेंगेचं टरफल कानावर बसलं की चांगलं चुरचुरतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आतून दगडावर लाकूड घासल्याचा आवाज येत असतो आणि मध्येच दस्तगीर मास्तर ओरडतात, "भाऊराव, जरा दमानं! आमचं अजून जेवण व्हायचंय!"